मोठ्या आकड्यांचा गुणाकार असेंब्लीत फास्ट करायचाय? आधी कॅरीची साखळी मोजा

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना सी येतं, असेंब्ली निदान वाचता येतं, आणि ज्यांनी कधीतरी २०४८ बिटचे आकडे गुणायचा लूप स्वतः लिहून बघितलाय आणि मग जीएमपीच्या (मोठ्या आकड्यांच्या नावाजलेल्या लायब्ररीच्या) शेजारी ठेवून मोजल्यावर चेहरा पडलाय. नवी मुंबईत महापे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात पेमेंट आणि सिक्युरिटीच्या कामातली बरीच पोरं आहेत, आणि त्यातलं कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं, की दादा लूप आठपट अनरोल केला (म्हणजे एका फेरीत आठ फेऱ्यांचं काम लिहिलं) तरी ढिम्म फरक नाही, आता काय करू. माझं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं: अनरोल राहू दे, कागद घे, आणि एका लिंबमागे (आकड्याच्या ६४ बिटच्या तुकड्यामागे) कॅरीला, म्हणजे हातच्याला, प्रोसेसरच्या घड्याळाचे किती सायकल लागतायत ते मोज.

इन्स्ट्रक्शनची नावं इथे देवनागरीतच लिहितोय, एडीसी, मलएक्स, एलईए वगैरे, फाईलमध्ये तुम्ही नेहमीसारखी लिहा. डेस्टिनेशन आधी, सोर्स नंतर, इंटेलवाली पद्धत. मशीन म्हणजे ६४ बिटचं इंटेल नाहीतर एएमडी, वर लिनक्स. मॅकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडंसं आहे.

मोठा आकडा आपण ६४-६४ बिटच्या तुकड्यांत ठेवतो, तुकड्याला लिंब म्हणतात, सगळ्यात खालचा लिंब आधी. २०४८ बिट म्हणजे ३२ लिंब. यावर करायची कामं मोजकीच: दोन आकड्यांची बेरीज, वजाबाकी, आणि "अख्ख्या आकड्याला एका लिंबने गुणून तिसऱ्या आकड्यात मिळवा" हे काम, ज्याला जीएमपीत ॲडमल-वन म्हणतात. शाळेतला गुणाकार म्हणजे ॲडमल-वन परत परत, मॉन्टगोमेरी रिडक्शन (भागाकार न करता बाकी काढायची पद्धत) म्हणजेसुद्धा ॲडमल-वन परत परत, म्हणून आरएसए एन्क्रिप्शनचा बहुतेक वेळ याच एका लूपमध्ये जातो. इथे वाचवलेला अर्धा सायकल थेट बिलात दिसतो, बाकी कुठे डोकं लावायची फारशी गरज नाही.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, तुमचे आकडे किती मोठे आहेत. हजारो लिंबचे असतील तर असेंब्ली नंतर, आधी अल्गोरिदम बदला. कारात्सुबाची युक्ती १९६० ची आहे, चार गुणाकारांचं काम तीनात होतं, आणि आजच्या मशीनवर साधारण वीस-तीस लिंबच्या पुढे ती शाळेतल्या पद्धतीला मागे टाकायला लागते. दोन, तुमच्या मशीनवर कुठली इन्स्ट्रक्शन्स आहेत. प्रॉक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाईलमध्ये फ्लॅग्जच्या ओळीत बीएमआय२ आणि एडीएक्स शोधा. बीएमआय२ असेल तर मलएक्स मिळतो, इंटेलवर २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून. एडीएक्स असेल तर एडीसीएक्स आणि एडीओएक्स मिळतात, इंटेलवर ब्रॉडवेलपासून, एएमडीवर २०१७ च्या झेनपासून. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवर हे नसलं तर प्रोग्रॅम "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून जागीच मरतो, त्याकडे नंतर येतो.

सी मध्येच १२८ बिटचा इन्ट वापरून काम भागत नाही का, असं सगळे विचारतात. बऱ्यापैकी भागतं, आणि पहिलं व्हर्जन तसंच लिहा, कारण तेच नंतर टेस्टिंगला उपयोगी पडतं. पण प्रोसेसरचे फ्लॅग्ज (कॅरी, ओव्हरफ्लो वगैरे एकेका बिटच्या खुणा) हे एकच रजिस्टर समजून कंपायलर चालतात, दोन कॅरी साखळ्या एकाच वेळी जिवंत ठेवणं त्यांच्याकडून होत नाही, आणि आपला सगळ्यात मोठा फायदा नेमका तिथेच आहे.

आधी सोपं: बेरीज

लिंब लोड करा, दुसऱ्याचा लिंब एडीसीने मिळवा, स्टोअर करा, पुढे सरका. एडीसी म्हणजे मागचा कॅरी धरून बेरीज. यात नवशिका हमखास अडकतो ते पुढे सरकताना: पॉइंटरमध्ये ८ मिळवायला ॲड वापरला की कॅरी फ्लॅग गेला. पॉइंटर हलवायला एलईए वापरा, तो फ्लॅग्जना हातच लावत नाही. काउंटरला डेक चालतो, तो बाकी फ्लॅग बदलतो पण कॅरी तसाच ठेवतो. जुन्या नेहलेम आणि त्याआधीच्या इंटेलवर डेकनंतर एडीसी आला की पाइपलाइन अडखळायची, सँडी ब्रिजपासून ते दुखणं गेलं, त्यामुळे खूप जुनी पोस्ट वाचून घाबरू नका.

आता हिशोब. हॅसवेलपर्यंत इंटेलवर एडीसी म्हणजे दोन मायक्रो-ऑप (प्रोसेसर आतून करतो त्या छोट्या पायऱ्या) होत्या, ब्रॉडवेलपासून एकच आणि एका सायकलमध्ये. प्रत्येक एडीसीला मागच्या एडीसीचा कॅरी लागतो, म्हणजे एका लिंबला किमान एक सायकल, याच्या खाली साध्या साखळीने जाताच येत नाही. मग तुमचा लूप चारपट अनरोल करून १.१ च्या आसपास आला असेल तर हात झटका आणि पुढचं काम बघा. सोळापट अनरोल करून त्यातून काही निघणार नाही, कोड फुगेल फक्त.

शिवाय एल-वन कॅश (प्रोसेसरच्या सगळ्यात जवळची छोटी मेमरी) साधारण ३२ किलोबाइटचा धरला तर त्यात ४०९६ लिंब बसतात, बेरजेला तीन ॲरे लागतात, म्हणजे प्रत्येकी तेराशेच्या आसपास लिंब झाले की आत मावत नाही आणि मग मेमरीचाच वेग दिसतो, तुमच्या असेंब्लीचा नाही.

आता खरं काम: ॲडमल-वन

इथे जरा थांबून नीट बघू. सगळे पहिल्यांदा लिहितात ते असं:

मूव्ह आरएएक्स, [यूपी]
मल व्ही
ॲड आरएएक्स, सी
एडीसी आरडीएक्स, ०
ॲड [आरपी], आरएएक्स
एडीसी आरडीएक्स, ०
मूव्ह सी, आरडीएक्स

यूपी म्हणजे गुणायच्या आकड्याचा पत्ता, आरपी म्हणजे ज्यात मिळवायचं त्याचा, आणि व्ही म्हणजे गुणक. मल केल्यावर गुणाकाराचा खालचा भाग आरएएक्समध्ये, वरचा आरडीएक्समध्ये. त्यात मागून आलेला कॅरी लिंब सी मिळवला, मग आरपीमधला जुना लिंब मिळवला, आणि वरचा भाग पुढच्या फेरीचा सी झाला. उत्तर बरोबर येतं. वरचा भाग ओव्हरफ्लो होईल का ही भीती नको: लिंबचा पाया बी धरला तर सगळ्यात मोठा गुणाकार बी-वजा-एकचा वर्ग, त्यात दोन वेळा बी-वजा-एक मिळवला की बरोबर बी-वर्ग-वजा-एक होतो, म्हणजे दोन लिंबमध्ये काठोकाठ मावतो, एक बिटही सांडत नाही. हे गणित डोक्यात पक्कं ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता सी कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवा. सी आला, आरएएक्समध्ये मिळवला, एक सायकल. तो आरएएक्स आरपीमध्ये मिळवला, दुसरी सायकल. त्यातून निघालेला कॅरी आरडीएक्समध्ये गेला, तिसरी सायकल, आणि तो नवीन सी. म्हणजे एका लिंबला तीन सायकल लागणारच. प्रोसेसर सायकलला एक गुणाकार घेऊ शकतो, पण त्याला इथे कामच नाही, तो सीची वाट बघत बसलाय. घोडबंदर रोडला मानपाड्याला कितीही लेन असू देत, गायमुखच्या घाटातून मिनिटाला जेवढ्या गाड्या निघतात तेवढ्याच पुढे जाणार, तसंच हे. आणि म्हणूनच अनरोल करून काही होत नाही, अनरोल केल्याने मानपाड्याच्या लेन वाढतात, घाट तेवढाच राहतो.

आता जवळपास तीच इन्स्ट्रक्शन्स जागा बदलून लिहा, स्टोअर फक्त वेगळा होतो:

मूव्ह आरएएक्स, [यूपी]
मल व्ही
ॲड आरएएक्स, [आरपी]
एडीसी आरडीएक्स, ०
ॲड आरएएक्स, सी
एडीसी आरडीएक्स, ०
मूव्ह [आरपी], आरएएक्स
मूव्ह सी, आरडीएक्स

आरपीचा जुना लिंब आधी मिळवला. त्या बेरजेला सीची गरजच नाही, त्यामुळे प्रोसेसर ती पुढच्या चार-पाच लिंबसाठी आधीच उरकून ठेवतो. सी आला की फक्त दोन पायऱ्या: आरएएक्समध्ये मिळव, कॅरी आरडीएक्समध्ये टाक. तीनाचे दोन सायकल झाले, आणि नवीन इन्स्ट्रक्शन शिकावं लागलं नाही की एक ओळ अनरोल करावी लागली नाही. एडीएक्स नसलेल्या मशीनवरही हे चालतं. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली सगळ्यात स्वस्त कमाई हीच आहे, आणि तरी लोक सरळ एडीएक्सवर उडी मारतात.

दोनाचा एक करायचा तर कॅरी लिंब म्हणून नाही, फ्लॅग म्हणून न्यायला हवा. अडचण अशी की मल फ्लॅग्ज खराब करतो, आणि आपल्याला बेरजा दोन आहेत, म्हणजे कॅरी पण दोन. मलएक्स फ्लॅग्जना हात लावत नाही, आणि उत्तर कुठल्याही दोन रजिस्टरमध्ये देतो, फक्त गुणक आरडीएक्समध्ये हवा. एडीसीएक्स फक्त कॅरी फ्लॅग वाचतो-लिहितो, एडीओएक्स फक्त ओव्हरफ्लो फ्लॅग. झाल्या दोन स्वतंत्र साखळ्या:

मलएक्स एच१, एल१, [यूपी+८]
एडीसीएक्स एल१, एच०
एडीओएक्स एल१, [आरपी+८]
मूव्ह [आरपी+८], एल१

मलएक्समध्ये वरचा भाग आधी लिहायचा, खालचा नंतर, हे उलटं झालं की उत्तर कचरा येतं आणि शोधायला संध्याकाळ जाते. मागच्या लिंबचा वरचा भाग, म्हणजे एच०, आत्ताच्या लिंबच्या खालच्या भागात, म्हणजे एल१ मध्ये, मिळतो कॅरी साखळीने, जुना आरपी मिळतो ओव्हरफ्लो साखळीने. एडीसीएक्स आणि एडीओएक्सचं डेस्टिनेशन रजिस्टरच हवं, थेट मेमरीत बेरीज होत नाही, आणि इमिजिएट आकडाही चालत नाही, म्हणून शून्य हवा असेल तर तो एका रजिस्टरमध्ये ठेवावा लागतो. तो शून्य मूव्हने टाका. सवयीने मध्येच झॉर लिहिलंत तर कॅरी आणि ओव्हरफ्लो दोन्ही साफ होतात, दोन्ही साखळ्या तुटतात. अर्थात सुरुवातीला दोन्ही फ्लॅग एकदम शून्य करायला तोच झॉर सगळ्यात सोयीचा.

आता प्रत्येक साखळी एका लिंबला एक सायकल. म्हणजे अडचण साखळीची राहिलीच नाही, रुंदीची झाली, म्हणजे प्रोसेसर सायकलला किती मायक्रो-ऑप घेतो त्याची. मोजू: ६४ बिटचा मलएक्स दोन मायक्रो-ऑप, एडीसीएक्स एक, एडीओएक्स मेमरीसकट फ्यूज होऊन एक, स्टोअर एक, एकूण पाच. स्कायलेक सायकलला चार घेतो, म्हणजे सव्वा सायकलच्या खाली जाणं शक्य नाही, वर लूपचा खर्च. आइस लेक पाच घेतो. तुमचा आकडा दीडच्या आसपास आला तर उत्तम, दोनच्या वर असेल तर कुठेतरी काहीतरी अडकतंय. आणि बघा, अनरोलची वेळ *आत्ता* आली, कारण आता लूपचा काउंटर आणि जंप हे खरोखरच जागा खातायत.

लूप चालवायचा कसा, फ्लॅग दोन्ही बिझी असताना

ही गंमत कुणी सांगत नाही. डेक कॅरी जपतो पण ओव्हरफ्लो बदलतो, म्हणजे इथे तो बाद. एक रस्ता: काउंटर एलईएने कमी करा आणि तपासायला जेआरसीएक्सझेड वापरा, तो आरसीएक्स शून्य आहे का एवढंच बघतो, फ्लॅग्जकडे बघतही नाही. पण त्याची उडी छोटी, जेमतेम सव्वाशे बाइट, आठपट अनरोल केलेल्या लूपच्या पार जात नाही. म्हणून त्याला लूपच्या शेवटी ठेवा: एलईए, मग जेआरसीएक्सझेड "संपलं" या लेबलला, मग साधा जंप लूपच्या डोक्याला, आणि लगेच खाली "संपलं" लेबल. उडी एका इन्स्ट्रक्शनवरून मारायची, काही प्रॉब्लेम नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. आठ लिंबच्या ब्लॉकच्या शेवटी दोन्ही फ्लॅग शेवटच्या वरच्या भागात जिरवून टाका: एडीसीएक्सने शून्य मिळवा, एडीओएक्सने शून्य मिळवा. ओव्हरफ्लो होणार नाही, कारण मघाचं बी-वर्ग-वजा-एकचं गणित. आता फ्लॅग मोकळे, साधा डेक आणि जंप लिहा, पुढच्या ब्लॉकच्या डोक्यावर झॉरने दोन्ही साफ करा. आठ लिंबमागे दोन-तीन जादा मायक्रो-ऑप जातात, पण ब्लॉकचा कोड वाचता येतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला बघावा लागला तर शिव्या पडत नाहीत.

रजिस्टरची एक मजेशीर पंचाईत आहे. लिनक्सवर फंक्शनची आर्ग्युमेंट्स येतात आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स या क्रमाने. जीएमपीच्या ॲडमल-वनचा क्रम आहे उत्तर, आकडा, लांबी, गुणक. म्हणजे लांबी आरडीएक्समध्ये आणि गुणक आरसीएक्समध्ये येतो, आणि आपल्याला हवंय बरोब्बर उलटं, मलएक्सला गुणक आरडीएक्समध्ये, जेआरसीएक्सझेडला काउंटर आरसीएक्समध्ये. सुरुवातीलाच अदलाबदल करून मोकळे व्हा. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ वापरले तर परत करायचे असतात, ते पुश-पॉप विसरलात तर क्रॅश तुमच्या फंक्शनमध्ये येत नाही, बोलावणाऱ्याच्या फंक्शनमध्ये कुठेतरी भलतीकडे येतो.

आठने भाग न जाणारे उरलेले लिंब आधी उरका, नंतर नाही. कॅरी लिंब रजिस्टरमध्ये असतोच, साध्या लूपने दोन-तीन लिंब करून मग मोठ्या लूपमध्ये शिरा. काही जण अनरोल केलेल्या लूपच्या मध्यात थेट उडी मारतात, टेबल वगैरे करून, ते दिसायला भारी असतं पण उडीचा अंदाज चुकला की पंधरा-वीस सायकल गेले, आणि ३२ लिंबच्या कामात तेवढे म्हणजे बरेच. तुमचे आकडे कायम चार-सहा लिंबचे असतील तर आठपट अनरोल करूच नका, चारपट करा. आणि आकार पक्काच असेल, म्हणजे २५६ बिटचे एलिप्टिक कर्व्हवाले चार लिंब, तर लूपच नको, सोळा मलएक्स सरळ एकाखाली एक लिहा आणि मधले आकडे मेमरीत न टाकता रजिस्टरमध्येच फिरवा. मेमरीत टाकून लगेच परत वाचायला चार-पाच सायकल जातात, लांब आकड्यात ते दिसत नाही पण चार लिंबमध्ये तेच सगळ्यात जास्त दिसतं.

बीएमआय२ आहे पण एडीएक्स नाही, म्हणजे हॅसवेल, तर चार मलएक्स आधी करून घ्या, मग खालचे-वरचे भाग एका एडीसी साखळीने जोडा, आणि आरपीची बेरीज दुसऱ्या फेरीत वेगळ्या साखळीने करा. साखळ्या एकाच वेळी न चालवता एकामागे एक. ॲपलच्या एम चिपवर आणि एकूणच ६४ बिट आर्मवर साधारण हेच करतात, तिथे कॅरी फ्लॅग एकच. गुणाकाराचा खालचा भाग मल देतो, वरचा यूएमयूएलएच, दोघेही फ्लॅग्ज सोडून देतात, बेरजेला एडीसीएस, आणि लूप सीबीएनझेडने फिरवायचा म्हणजे फ्लॅग तसेच राहतात. वजाबाकीत सावध, आर्मवर कॅरी एक असणं म्हणजे उसना *नाही* घेतला, इंटेलच्या उलट. रिस्क-फाइव्हवर कॅरी फ्लॅग हा प्रकारच नाही, बेरीज करून एसएलटीयूने तुलना करून कॅरी काढावा लागतो.

भागाकाराबद्दल दोनच ओळी. ६४ बिटचा डिव्ह इन्स्ट्रक्शन आइस लेकच्या आधीच्या इंटेलवर इतका हळू आहे की एका भागाकारात डझनभर गुणाकार होतात, त्यामुळे लूपमध्ये डिव्ह दिसला की काढा आणि आधी काढून ठेवलेल्या व्यस्ताने गुणा. मॉड्युलोचं काम असेल तर १९८५ ची मॉन्टगोमेरीची पद्धत वापरा, तिच्यात भागाकार लागतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तिच्या प्रत्येक फेरीचा गुणक मागच्या फेरीच्या सगळ्यात खालच्या लिंबवरून ठरतो, म्हणून तो लिंब तयार झाला की गुणक लगेच काढायला लावा, रांगेच्या शेवटी नको. आणि चावी गुप्त असेल तर शेवटची वजाबाकी "मोठा असेल तर" अशा जंपवर टाकू नका, कायम वजा करा आणि सीमूव्हने (जंप न करता अटीवर मूव्ह करणारं इन्स्ट्रक्शन) दोनातला एक निवडा.

मोजणं

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. आरडीटीएससी खरे सायकल मोजत नाही, तो ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचे टिक मोजतो, टर्बो (घड्याळ आपोआप वाढवणं) चालू असला की आकडा खोटा. ठाण्यात मे महिन्यात दुपारी पंख्याखाली लॅपटॉप ठेवून मोजलंत तर चिप गरम होऊन घड्याळ मंदावतं आणि तोच कोड सकाळपेक्षा हळू दिसतो. कोअर सायकल मोजले तर हा फरक जातो, कारण डेटा एल-वनमध्ये असेल तर घड्याळ कितीही मंद झालं तरी सायकलची संख्या तीच. म्हणून लिनक्सच्या पर्फ स्टॅटने सायकल मोजा, टास्कसेटने प्रोग्रॅम एका कोअरला बांधा, जमल्यास टर्बो बंद करा. क्लाउडच्या व्हीएमवर बऱ्याचदा हे काउंटर मिळतच नाहीत, मग डेटा सेंटर रबाळ्यात हाकेच्या अंतरावर असलं तरी उपयोग नाही, घरच्या मशीनवर मोजा.

फंक्शन बोलवायचा खर्च काढून टाकायची सोपी युक्ती: २०० लिंबला मोजा, ४०० लिंबला मोजा, फरकाला २०० ने भागा. येतो तो खरा सायकल प्रति लिंब. छोट्या आकाराला हे चालत नाही, तिथे प्रत्येक लांबी वेगळी मोजा, आणि लांबी बदलत ठेवा. सारखी एकच लांबी दिली की ब्रँच प्रेडिक्टर (उडीचा अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) लूपचा शेवट पाठ करतो आणि आकडे छान दिसतात, प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर नाहीत. जीएमपीचा सोर्स उतरवलात तर त्यात ट्यून नावाचा फोल्डर आहे, त्यातला स्पीड हा प्रोग्रॅम हेच काम करतो, तुमचं फंक्शन त्यात घुसवून शेजारी-शेजारी तुलना करता येते.

आकडा अचानक, फक्त काही ठरावीक बफरलाच बिघडत असेल तर दोन संशयित. आरपी आणि यूपीच्या पत्त्यांचे खालचे १२ बिट जुळतायत का बघा, म्हणजे दोघांत ४०९६ च्या पटीचं अंतर. इंटेलला वाटतं हा लोड मघाच्याच स्टोअरवर अवलंबून आहे आणि तो उगाच थांबतो. बफर थोडा सरकवून परत मोजा. दुसरा, लूपचा शेवटचा जंप ३२ बाइटच्या सीमेवर पडलाय का. २०१९ मध्ये स्कायलेक घराण्यासाठी आलेल्या मायक्रोकोड दुरुस्तीनंतर असे जंप डिकोड केलेल्या कॅशमधून बाहेर फेकले जातात, वर कुठेतरी एक ओळ वाढवली आणि लूप हळू झाला असं दिसलं तर बहुतेक हेच. लूपच्या डोक्याला अलाइन करा.

टेस्टिंग

रँडम आकडे देऊन दहा लाख वेळा चालवलं, सगळं पास, असं म्हणून कुणी आलं की मला धडकी भरते. साधा रँडम लिंब सगळे एक असण्याची शक्यता दोनचा ६४ वा घात यात एक. म्हणजे कॅरी तीन-चार लिंब सलग वाहत जाण्याची केस रँडममध्ये कधी येणारच नाही, आणि बग नेमका तिथेच असतो. लांबच लांब एकांचे आणि शून्यांचे पट्टे असलेले आकडे तयार करा, सगळे लिंब पूर्ण भरलेले एकदा, सगळे शून्य एकदा, गुणक शून्य, एक आणि पूर्ण भरलेला. लांबी १ पासून अनरोलच्या तिप्पटीपर्यंत *प्रत्येक*, एकही गाळायची नाही. तपासायला पायथॉन बेस्ट, त्याचा इन्ट कितीही मोठा होतो, सीटाइप्सने तुमचं फंक्शन बोलवा आणि उत्तर जुळवा. उत्तराच्या बफरच्या दोन्ही बाजूंना ओळखीचा एकेक लिंब ठेवा आणि तो बदलला नाही ना बघा, अनरोलमध्ये एक लिंब पुढे लिहिला जाणं फार कॉमन आहे. आरपी आणि यूपी एकच दिले तरी चाललं पाहिजे, लोक तसं बोलावतातच.

पाठवताना

एकाच लायब्ररीत तीन व्हर्जन ठेवा: साधा मलवाला, मलएक्सवाला, एडीएक्सवाला. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच सीपीयूआयडीचं (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या इन्स्ट्रक्शनचं) पान ७ वाचा, शून्यापासून मोजून ईबीएक्समधला ८ वा बिट बीएमआय२ आणि १९ वा बिट एडीएक्स, त्यावरून फंक्शन पॉइंटर लावा. पॉइंटर मोठ्या फंक्शनचा ठेवा, म्हणजे अख्ख्या गुणाकाराचा किंवा अख्ख्या मॉन्टगोमेरीचा, ॲडमल-वनचा नको, नाहीतर प्रत्येक ओळीला आडवळणाचा कॉल पडतो. कारात्सुबा कुठून सुरू करायचा तो आकडा पण या तिन्हींना वेगवेगळा लावा. आतला लूप फास्ट झाला की शाळेतली पद्धत जास्त लांबपर्यंत पुरते, त्यामुळे जुन्या लूपवर ट्यून केलेला आकडा नव्या लूपला तसाच ठेवलात तर कारात्सुबा गरजेआधीच सुरू होतो आणि मधल्या लांबीचे आकडे फुकट हळू चालतात. जीएमपीत हे ट्यूनअप नावाचा प्रोग्रॅम मशीनवर मोजून काढतो. तुमच्याकडे तो नसला तर दहा ते पन्नास लिंब दोन्ही पद्धतींनी चालवा आणि आलेख कुठे एकमेकांना छेदतात ते बघून आकडा लिहून टाका.